दुपारी झोपणारा सर्व्हर

लोणावळ्यात, आमच्या वलवणच्या घरात, बाहेरच्या खोलीत, आईच्या शिलाई मशीनच्या लोखंडी स्टँडवर एक जुना कॉम्प्युटर आडवा पडलेला असतो. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. वरच्या अंगाला जाळी आहे, मागून गरम हवा येते आणि आतले पंखे सतत घरघरत असतात. जवळच्या तुंगार्लीतल्या बंगलेवाल्यांची बुकिंगची वेबसाइट या मशीनमधून चालते. मी त्याला सर्व्हर म्हणतो. माझे वडील, ज्यांना घरचे-दारचे सगळेच आबा म्हणतात, त्याला ‘तुझं खोकं’ म्हणतात.

या धंद्यातला कुणीही शहाणा माणूस हे वाचून कपाळावर हात मारेल. आजकाल सर्व्हर घरात कुणी ठेवत नाही. कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या थंडगार इमारतीत जागा भाड्याने घेतात आणि निर्धास्त होतात. मीही बंगलेवाल्यांना तेच सुचवलं होतं. पण त्यांचे पुढारी भाऊ. भाऊंच्या आजोबांचं भातखाचर जिथे होतं, तिथे आता भाऊंच्या बंगल्याचा पोहायचा तलाव आहे, आणि व्यवहारात त्यांना कुणी फसवलेलं माझ्या ऐकिवात नाही. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते भाड्याचं मशीन कुटं असणार?”

“मुंबईत असेल. नाहीतर सिंगापूरला.”

“आन बंद पडलं तर मी सिंगापूरला जाऊन कुणाला बोलू?”

मी भाड्याच्या मशीनचे फायदे परत मोजायला लागलो. “त्यापरीस तुज्या घरी ठिव,” भाऊ म्हणाले. “शिव्या द्यायला माणूस जवळ पायजे.” अशा रीतीने सर्व्हर आमच्या घरी आला, आणि जवळचा माणूस म्हणून माझी नेमणूक झाली.

त्याआधी मी बंगळुरूला नोकरी करत होतो. आईच्या आजारपणात रजा काढून आलो, आई गेली, आणि आबांना एकटं टाकून परत जायला माझा पाय निघेना. माझी मोठी बहीण, ताई, चिंचवडला राहते. तिने फोनवरून निकाल दिला: तुझं हे वेबसाइटचं जमलं तर राहा वलवणला दोघं. नाही जमलं तर तू मुकाट्याने बंगळुरूला जा आणि आबांना मी इकडे घेऊन येते. तिचं काही चूक नव्हतं. ताईचं कधीच चूक नसतं, तिच्याशी भांडण्यातला हाच तर मोठा त्रास आहे.

आबा मधे एकदा तिच्याकडे राहून आले होते. जन्मभर रेल्वेत डब्यांचे ब्रेक तपासलेला माणूस. तिथे उंच मजल्यावरच्या बाल्कनीत बसून पार्किंगमधल्या गाड्या बघायचा. परत आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? आबा म्हणाले, “तितं कपडे लय झ्याक वाळत्यात.” मग चपला काढून, पाय धुऊन, आपल्या खुर्चीत बसल्यावर म्हणाले, “दुसरं काय न्हाई तितं.”

तेव्हा मामला सरळ होता. खोकं चाललं तर आम्ही दोघं वलवणला. खोकं बंद पडलं तर मी दक्षिणेला आणि आबा चिंचवडच्या बाल्कनीत. असल्या मामल्यात माणसाने शांत डोकं ठेवावं. मला ते कधी जमलेलं नाही.

आषाढ अर्धा सरला असताना भाऊंचा पहिला फोन आला. “साईट गेली.”

सर्व्हर सांभाळणाऱ्याने ‘गेली’ या शब्दावर कधीही विश्वास ठेवू नये. लोकांच्या तोंडी साइट सारखी जात असते. कुणाची गेली, कुठून बघताय, समोर नेमकं काय दिसतंय, हे आधी विचारावं. मी तसं विचारलं.

“भाऊ, स्क्रीनवर काय दिसतंय?”

“माजं तोंड.”

भाऊ दोन फोन बाळगतात. ज्यावर साइट बघत होते त्याचं चार्जिंग संपलं होतं. मी हा किस्सा त्याच संध्याकाळी बऱ्याच जणांना रंगवून सांगितला आणि तेच मला भोवलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी परत फोन आला आणि या खेपेला साइट खरंच गेलेली होती. मी तेव्हा तुंगार्लीत एका बंगल्याचे फोटो काढत होतो. माझ्या फोनवर बघितलं, काही उघडेना. (घरच्या वायफायवर बसून आपली साइट चालू आहे असं कधी ठरवू नये. आपल्या घराचं दार बाहेरून उघडतंय का, हे बाहेर जाऊनच बघावं लागतं.) स्कूटरला किक मारली आणि घरी आलो. सर्व्हर गप्प. पंखे बंद, दिवा बंद. शेजारच्या खुर्चीत आबा पेपर वाचत होते.

“आलास व्हय? चहा टाकू?”

बटण दाबलं, मशीन सुरू झालं, साइट आली. मी चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी तेच. चहा तेवढा रोज चांगला होत होता.

आता मशीन परत सुरू झालं म्हणजे दुरुस्त झालं, असं मानणारे लोक या जगात फार आहेत. रीस्टार्ट करणं म्हणजे रडणाऱ्या पोराच्या तोंडात गोड गोळी कोंबण्यासारखं आहे. आवाज बंद होतो, पोट दुखायचं थांबत नाही. मी त्यातला नाही. मी लॉग उघडले. सर्व्हर दिवसभरात जे जे करतो ते लॉगमध्ये स्वतःच लिहीत जातो. नीट बंद होणारं मशीन तर अगदी घर आवरून निघाल्यासारखं लिहितं: हे बंद केलं, ते मिटलं, आता मी निघतो. आमच्या मशीनचं वाक्य रोज अर्ध्यात तुटलेलं होतं. म्हणजे एक तर वीज गेली, नाहीतर कुणीतरी त्याचं तोंड दाबलं.

वीज जाणं आमच्याकडे पावसाळ्यात नवं नाही. पण आबांना विचारलं तर फ्रीज चालू होता, टीव्ही चालू होता. तरी मी मशीनला वेगळी बॅटरी जोडली. दुपारी सर्व्हर बॅटरीसकट झोपला.

मग मी डिस्क बघितली. एका बंगलेवाल्याने आपल्या नव्या बाथटबचे इतके फोटो आणि तेही इतके मोठे चढवले होते की मशीनमध्ये श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. साइट विचित्र वागायला लागली की आधी जागा शिल्लक आहे का ते बघा, हे मी कुणालाही सांगेन. निम्मे आजार तिथेच सापडतात. मी बाथटब काढून टाकले, बंगलेवाल्याचा राग ओढवून घेतला आणि छाती फुगवून जेवलो. दुपारी सर्व्हर झोपला.

मग मला सुचलं की रोज दुपारीच का? ठरावीक वेळेला जे बिघडतं, ते त्या वेळेला काय काय चालू असतं ते बघून शोधावं. दुपारी बॅकअप चालायचा, म्हणजे सगळ्या बुकिंगची नक्कल दुसऱ्या डिस्कवर व्हायची. सापडला चोर! बॅकअप सकाळवर ढकलला. दुपारी सर्व्हर झोपला. बॅकअपची मी मनोमन माफी मागितली.

इकडे आबांचं काहीतरी निराळंच चाललं होतं. ते रोज बाजारात जात आणि हात हलवत परत येत. “पिवळा बल्ब कुटंच मिळंना,” ते मला सांगत. “सगळीकडं ती पांढरी एलईडी. तिला हात लावला तर गार.”

इथे जरा आमच्याकडचं सांगायला हवं. आषाढात लोणावळ्याच्या घरात काही वाळत नाही. मिठाला पाणी सुटतं, काड्यापेटी पेटत नाही, पट्ट्याला हिरवी दाढी येते. म्हणून घरोघरी कपड्यांच्या कपाटात बल्ब लावून ठेवायची पद्धत आहे. आई खालच्या खणात बल्ब लावायची, वरच्या फळ्यांवर अर्धवट वाळलेले कपडे पसरायची आणि दार लोटून घ्यायची. दार उघडलं की आत उजेड आणि ऊब. लहानपणी मला वाटायचं की देवघरासारखं हेही कपाट सगळ्यांच्या घरी देवाने दिलेलं असतं. त्यातला शेवटचा पिवळा बल्ब उडाला आणि त्या जागी आबांनी नवी एलईडी लावली, तेव्हा कपाटात नुसता उजेड पडला. आमच्या बुरशीला वाचायची सोय झाली, बाकी काही नाही.

हे सगळं मी आत्ता प्रेमाने लिहितोय. तेव्हा मी आबांवर खेकसलो होतो. “आबा, माझी साइट रोज पडतेय आणि तुम्ही बल्बचं काय घेऊन बसलात!”

“न्हाई बाबा,” आबा म्हणाले, “तू बघ तुजी साईट.”

चिडलेल्या माणसाने सर्व्हरला हात लावू नये, हे मी आता जाणतो. त्या दिवशी मी एकदम तीन गोष्टी बदलल्या. वेबसाइटचा एक भाग जुन्या आवृत्तीवर नेला, मेमरीची पट्टी काढून दुसऱ्या खाचेत बसवली आणि वायर बदलली. मग पहारा द्यायला दिवसभर घरीच बसलो. काय सांगू, सर्व्हर एकदाही झोपला नाही! तिन्हीसांजेपर्यंत गात होता. मी खुशीत येऊन आबांना भजी तळायला लावली. पण कशामुळे बरा झाला ते मला सांगता येईना, कारण औषधं तीन आणि रोगी एक. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परत तपासावं, मगच दुसरीला हात घालावा. हे मी दुसऱ्यांना शिकवतो, स्वतः मात्र भजी खात बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पडायला मोजे घातले तर ओले. गार, चिकट, कुबट.

“आबा, मोजे ओले कसे?”

“काल वाळले न्हाईत,” आबा म्हणाले. आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खोक्याकडे बघितलं, मग पेपरात डोकं घातलं. त्या नजरेचा मी काही म्हणजे काही विचार केला नाही. ओले मोजे घालून तुंगार्लीला गेलो. दुपारी सर्व्हर झोपला.

म्हणजे मी घरी असलो की चालतो, बाहेर गेलो की पडतो. दाढ दुखत असावी आणि डॉक्टरच्या दारात थांबावी, तसं. मी आबांची उलटतपासणी घेतली. घरात काही नवीन आणलंय का? न्हाई. मिक्सर लावता का दुपारी? न्हाई. मशीनच्या बटणाला हात? “मी खोक्याला हात बी लावलेला न्हाई,” आबा ताठ बसून म्हणाले. हे खरंच वाटण्यासारखं होतं. सर्व्हर घरात आला तेव्हा त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला होता आणि मी इतका ओरडलो होतो की तेव्हापासून ते त्याच्याजवळून जातानाही अंग चोरत.

शेवटी मी तेच केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. मशीनच्या पोटातली उष्णता मोजून दर मिनिटाला मला फोनवर कळवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दुसऱ्या दुपारी तुंगार्लीत उभा राहून मी बघत होतो. आकडा चढत गेला, चढत गेला आणि कळवणंच बंद झालं. मशीनला ताप येत होता. फार तापलं की ते जळू नये म्हणून स्वतःच बंद होतं, ही त्याची उपजत अक्कल. चला, रोग कळला! मी ब्रश घेऊन त्याच्या पंख्यातली धूळ काढली, आतल्या चिपवरचा लेप बदलला आणि टेबल फॅन आणून त्याच्यासमोर लावला. आबा बाजूला उभे राहून बघत होते.

“गार करतोस व्हय त्याला?”

“मग काय करू?”

“न्हाई, गरमच बरं हाय की,” आबा हळूच म्हणाले.

मी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की ते आत निघून गेले. आणि दुसऱ्या दिवशी, टेबल फॅन असूनही, दुपारी ताप तेवढाच चढला. आता मात्र मी हात टेकले.

त्यात श्रावणातल्या लागून आलेल्या सुट्ट्या तोंडावर आल्या. त्या दिवसांत अख्खी मुंबई आणि अख्खं पुणं आमच्या गावात येऊन एकमेकांकडे बघतं आणि मक्याची कणसं खातं. सगळे बंगले साइटवरूनच भरतात. भाऊ स्वतः घरी आले. चहा घेतला, सर्व्हरकडे एखाद्या आजारी म्हशीकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाले, “तुज्यावर राग न्हाई माजा. पन सुट्ट्यांत एकदा जरी पडली, तर बाकीचे ऐकायचे न्हाईत. पुण्याची एक कंपनी मागं लागलीया.”

भाऊ गेल्यावर आबांनी कप विसळून ठेवले. जेवताना त्यांची भाकरी ताटातच राहिली.

“मंग तुला जावं लागंल,” ते म्हणाले.

“बघू.”

“चिंचवडला कपडे वाळत्यात, येवढं मातर हाय.”

मला त्यावर हसायला यायला हवं होतं. आलं नाही. मी उठून परत लॉग उघडून बसलो, पण अक्षरं काही लागेनात.

सुट्ट्यांच्या आदल्या दिवशी भाऊंच्या बंगल्यातलं वायफाय बिघडलं म्हणून मला तुंगार्लीला जावंच लागलं. काम चालू असताना फोन वाजायला लागला. ताप चढत होता, आणि नेहमीपेक्षा भरभर. मी स्कूटर काढली. रस्त्यावर गाड्या चिकटून उभ्या. पाहुणे वेळेआधीच येऊन पोचले होते, काचा खाली करून एकमेकांवर हॉर्न वाजवत होते. स्कूटरचं हँडल घुसेल एवढीही फट नव्हती. मी ती एका चिक्कीच्या दुकानापुढे लावली आणि गाड्यांच्या मधून, गटारावरून, चिखलातून पळत सुटलो. या वयात आणि या पोटाने पळणं म्हणजे काय ते मीच जाणतो. एका गाडीतल्या मुलीने माझा फोटो काढला.

धापा टाकत दारात पोचलो तर दार नुसतं लोटलेलं. आत गेलो आणि जागीच थांबलो.

पोळ्याला बैल सजवावा तसा सर्व्हर सजला होता. वरच्या जाळीवर माझे मोजे ओळीने मांडलेले. त्यांच्या बाजूला बनियन. दोन्ही अंगांनी पँटचे पाय लोंबत होते. मागे, जिथून गरम हवा बाहेर येते नेमकं तिथे, माझा बंगळुरूचा जाड स्वेटर बाह्या पसरून बसला होता. टेबल फॅन बंद करून भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. आणि आबा स्टुलावर बसून एकेक मोजा तव्यावरच्या भाकरीसारखा उलटत होते.

“आबा!”

आबा दचकले. “तू कसा आलास? गाडीचा आवाज न्हाई आला.”

तेवढ्यात पंख्यांचा आवाज वर चढला, खूप वर चढला आणि एकदम थांबला. माझ्या डोळ्यांदेखत सर्व्हर झोपला. आबांनी एक मोजा गालाला लावून बघितला आणि समाधानाने मान हलवली.

“झालं बघ. वाळले.”

“काय?”

“वाळले की आपोआप बंद होतंय. लय गुणाचं खोकं हाय.”

“तुम्ही तर म्हणालात, हात लावला नाही!”

“खोक्याला कुटं लावला? कपड्यांना लावला,” आबा म्हणाले. “आन पिळून घिऊन लावलेत. पाण्याचा थेंब न्हाई पडू दिला. तू चहाच्या टायमाला ओरडलातास म्हनून तुजी गाडी वाजली की उचलून ठिवायचो.”

मी सगळे कपडे उचलून बाजूला टाकले, मशीन जरा निवू दिलं आणि बटण दाबलं. ते सुरू होतंय तोवर भाऊंचा फोन आलाच.

“परत पडली व्हय?”

“आली बघा, भाऊ. कारण सापडलं. आता नाही पडायची.”

“काय हुतं कारण?”

मी आबांकडे बघितलं. त्यांच्या हातात अजून मोजा होता. “ओलावा,” मी म्हणालो.

“हां!” भाऊ लगेच म्हणाले. “हितं ओलावा लय. माज्या टीव्हीत बी शिरलाता.” लोणावळ्यात या कारणावर आजवर कुणी पुढचा प्रश्न विचारलेला नाही.

फोन ठेवून मी आबांना समजावून सांगितलं. की हे खोकं बंद पडतं, तेव्हाच भाऊंची साइट जाते. साइट भाऊंच्या फोनमध्ये नाही, इथे, या जाळीखाली आहे. इतके दिवस मी घरभर साइट साइट म्हणून ओरडत होतो, पण ती राहते कुठे हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं की खोकं दुपारी काम संपवून विश्रांती घेतं, आणि साइट बिचारी दुसरीकडे कुठेतरी पडते.

आबांचा चेहरा उतरला. “म्हंजी मीच पाडत हुतो?”

“हो.”

“आन त्यापायी तुला जावं लागनार हुतं?”

“हो, आबा.”

ते उठले आणि जमिनीवर पडलेले कपडे एकेक करून घडी घालायला लागले, अर्धे ओले होते तरी. पँट, बनियन. स्वेटर उचलल्यावर थांबले.

“आज जास्त टाकले व्हते,” ते म्हणाले. “म्हनलं, भाऊनं सांगितलंय, आता हा जानार. ओलीच ब्याग घिऊन गेलास तर तितं कुबट वास मारंल. लोक म्हनतील, ह्याला घरी कुनी न्हाई.”

मी खाली बघितलं, कारण वर बघणं शक्य नव्हतं. खाली माझे पाय होते. पळताना बुटात चिखल गेला होता, म्हणून बूट दारात काढले होते आणि पायात फक्त मोजे होते. घोट्याच्या वर, जिथवर चिखल पोचला नव्हता, तिथे ते कोरडे होते. ऐन पावसाळ्यात, लोणावळ्यात, मी रोज सकाळी कोरडे आणि मऊ मोजे घालून घराबाहेर पडत होतो आणि बाहेर जाऊन सर्व्हर का तापतो ते शोधत होतो. डिस्क बघितली, मेमरी बघितली, वायर बघितली. स्वतःच्या पायाकडे बघायचं मला सुचलं नाही. मला तेव्हा आबांबद्दल इतकं प्रेम वाटलं की मी त्यांच्या हातातला स्वेटर ओढून घेतला आणि काहीतरी करायचं म्हणून त्याची परत, अगदी वाईट घडी घातली.

“मागे दोरी बांधू,” मी म्हणालो. “मशीनपासून लांब. हवा अडणार नाही आणि कपडेही वाळतील.”

“नको,” आबा म्हणाले. “सुट्ट्या जाऊ दे.”

“काही होणार नाही आबा, लांब बांधली तर.”

“तुला लय कळतंय. नको म्हनलं ना.”

आणि सुट्ट्यांभर ते स्टूल घेऊन सर्व्हरपाशी बसले. मी टेबल फॅन लावला तर त्याचं तोंड स्वतः नीट करून द्यायचे. अधूनमधून गाडीच्या डब्याखाली वाकून बघायचे तसे वाकायचे, जाळीवर तळहात धरायचे आणि मला ओरडून सांगायचे, “कोमट!” माझ्या फोनवर आकडा येतच होता, पण मी दर वेळी “बरं” म्हणायचो. शेजारची मावशी पापड घेऊन आली आणि सहज डबा मशीनवर ठेवायला गेली, तर आबांनी तिला अशी हाक मारली की ती पापडांसकट परत गेली. तिची समजूत काढायला मला जावं लागलं.

साइट पडली नाही. बंगले भरले. आम्ही दोघं मात्र ओले होतो. बनियन अंगाला चिकटत होते, टॉवेलने अंग पुसलं की अंग जास्त ओलं होत होतं, आणि माझ्या मोज्यांना असा वास येत होता की भाऊंनी मला बंगल्याच्या बाहेरूनच वायफाय तपासायला सांगितलं. इतका खूश मी बऱ्याच दिवसांत नव्हतो.

सुट्ट्या संपल्या त्या दुपारी भाऊंचा फोन आला. पुण्याच्या कंपनीला नाही म्हणून सांगितलंय, म्हणाले. मी आबांना सांगितलं. त्यांनी फक्त “बरं” म्हटलं आणि जाळीवर हात धरून बघितला. तेवढ्यात ताईचा फोन आला. तिने सगळं ऐकलं, तिला आनंद झाला, पण ताईला एका गोष्टीने आनंद पुरत नाही.

“ते सगळं ठीक आहे,” ती स्पीकरवर म्हणाली. “पण आबा, तिकडे त्या पावसात तुमचे हाल होत असतील. कपडे तरी वाळतात का हो?”

आबांच्या अंगावर तेव्हा चार दिवसांचा ओला बनियन होता. कड पिळली असती तर पाणी निघालं असतं. एक हात खोक्यावर ठेवून ते खुर्चीत नीट टेकून बसले.

“व्हय तर,” ते म्हणाले. “खडखडीत वाळत्यात.”